प्रश्न उद्भवत नाही

साहेबांकडे तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ती तीनदा सांगावी लागायची. पहिल्या खेपेला साहेब डोळे मिटून ऐकायचे. नवख्या माणसाला वाटायचं, आमदारांना डुलकी लागली. दुसऱ्या खेपेला ते मधे मधे विचारायचे. पाणी जातं म्हणजे किती वाजता जातं, सगळ्या सोसायटीचं जातं की तुमच्याच विंगचं, सेक्रेटरीशी बोललात का, तो काय म्हणाला, त्यावर तुम्ही काय म्हणालात. तिसऱ्या खेपेला साहेब स्वतःच त्या माणसाची तक्रार त्याला सांगायचे आणि चुकेल तिथे त्यानं दुरुस्त करायचं. तो "बरोबर" म्हणाला की मग माझ्याकडे वळायचे. "लिव, बाय."

मी लिहायचे. जुईनगर स्टेशनजवळच्या एका सोसायटीत, तळमजल्यावरच्या गाळ्यात त्यांचं जनसंपर्क कार्यालय होतं. एका बाजूला झेरॉक्सवाला, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. लग्न होऊन मी मराठवाड्यातून इथे आले होते. नवरा न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कामाला. मी मराठी टायपिंगची परीक्षा पास, एवढ्या भांडवलावर कुणीतरी मला साहेबांकडे पाठवलं. मुलाखत त्यांनीच घेतली. टायपिंगबद्दल एक शब्द विचारला नाही. माझ्या माहेरी ज्वारी कधी पेरतात, भाकरीला पीठ कसं लागतं, आमच्या वस्तीची विहीर वेगळी होती का, असं तासभर चाललं होतं. विहिरीच्या प्रश्नाशी मी जरा अडखळले. मग सांगितलं, आजोबांच्या काळात वेगळी होती. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "उद्यापासून ये."

त्यांचं स्वतःचं गाव उरणच्या रस्त्यावरचं. वडील मिठागरावर राबलेले. पुढे मिठागरं गेली, शेतं गेली, त्यावर रस्ते आणि टॉवर आले. ग्रामपंचायतीचा सदस्य, नगरसेवक, दोनदा आमदार आणि मधे काही महिने राज्यमंत्री, अशी त्यांची कारकीर्द एका वाक्यात संपते. बुटके, रुंद खांद्यांचे, पांढऱ्या शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक चुरगळलेली वही. सभागृहात पुस्तकी मराठी बोलायचे, ऑफिसात गावची बोली. त्यांच्या बोलीत 'मला'चं 'मना' व्हायचं आणि 'काय झालं'चं 'काय झाला'. सुरुवातीला मला टिपून घ्यायला त्रास व्हायचा. वर्षभरात माझ्याच तोंडी 'नाय' आणि 'हाय' बसलं. माहेरी गेले की आई हसायची.

"काम होऊन जाईल" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ते म्हणायचे, "इचारतो." म्हणजे विधानसभेत प्रश्न टाकतो. लोक वैतागायचे. आमचे पीए म्हणजे कामाला वाघ, त्यांना तर याचं फार टेन्शन. ते मला म्हणायचे, "बाकीचे आमदार आश्वासन देतात, आपले नुसती चौकशी करतात. मतं कशी मिळतात, देवालाच माहीत." मतं मिळत होती, हे मात्र खरं. मला वाटतं, आपलं म्हणणं तीनदा ऐकून घेणारा दुसरा माणूस लोकांना आयुष्यात भेटत नसावा.

या सवयीचा जाचही व्हायचा. एकदा एक बाई नवऱ्याला छातीत दुखतंय म्हणून धावत आली. हॉस्पिटलात खाट मिळत नव्हती. साहेब तिला विचारत बसले, कधीपासून दुखतंय, आधी कधी दुखलं होतं, तो कामाला कुठे जातो. बाई रडायलाच लागली. पीएंनी मागच्या खोलीतून फोन लावून खाट मिळवली आणि तिला रिक्षात बसवून दिलं. ती गेल्यावर साहेबांनी वही मिटली. मग पीएंना म्हणाले, "असा झाला का मना तिथंच थांबवत जा." पीए म्हणाले, "थांबवलं होतं, साहेब. दोनदा. तुमचं लक्ष नव्हतं."

प्रश्न विचारण्याचा त्यांचा एक नियम होता. उत्तर ठाऊक असेल तो प्रश्न विचारायचा नाही. आणि उत्तर नुसतं जाऊन बघून मिळत असेल तर आधी जाऊन बघायचं. कळंबोलीहून एक ट्रेलरचा ड्रायव्हर आला होता, मूळचा सांगोल्याकडचा. बंदराच्या रांगेत दिवस दिवस उभं राहावं लागतं, अशी त्याची तक्रार. तीन खेपा झाल्यावर साहेब म्हणाले, "उद्या मी तुझ्यासंगती येतो." आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरोखरच कळंबोलीच्या स्टील मार्केटबाहेर त्याच्या केबिनमध्ये चढून बसले, पिशवीत तांदळाची भाकरी आणि सुकट घेऊन. मागे आमदारांची गाडी, गाडीत एकटे पीए, असा लवाजमा न्हावा शेव्यापर्यंत गेला. संध्याकाळी परत आले तेव्हा वही भरली होती. रांगेबद्दल त्यात थोडंच होतं. "त्या रांगेत मानसाला लघवीला जायाला जागा नाय," ते म्हणाले. "ह्या त्यानी सांगितलाच नव्हता. लाजला असंल."

तो प्रश्न अधिवेशनात गेला. विधानसभेच्या प्रश्नांची भाषा ठरलेली असते. 'अमुक रस्त्यावर वाहनचालकांसाठी प्रसाधनगृहे नाहीत, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली?' उत्तरंही ठरलेली. 'होय, हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'प्रश्न उद्भवत नाही.' आमच्या प्रश्नाला उत्तर आलं, 'हे अंशतः खरे आहे.' साहेब त्यावर आठवडाभर खूश होते. भेटेल त्याला विचारायचे, "अंशतः म्हंजे कोनता अंश?" पुढच्या अधिवेशनात त्यांनी तेच विचारलं. शेवटी तिथे प्रसाधनगृह झालं. त्याला कुलूप लागलं. मग किल्ली कुणाकडे असते, हे बघायला ते पुन्हा ट्रेलरमध्ये चढले.

दर वाढदिवसाला कार्यकर्ते सानपाड्यापासून नेरूळपर्यंत त्यांचे बॅनर लावायचे. एका वर्षी बॅनरवर मोठ्या अक्षरांत 'कार्यसम्राट' आलं. साहेबांनी त्या मुलांना ऑफिसात बसवलं आणि शांतपणे विचारलं, "कोनती कार्यं?" मुलांनी एकमेकांकडे बघितलं. एकाला ते प्रसाधनगृह आठवलं, दुसऱ्याला स्मशानाच्या रस्त्याचे दिवे. तिसरं काही सुचेना. पुढच्या वर्षीच्या बॅनरवर फोटोखाली फक्त एवढंच होतं, 'प्रसाधनगृह व दिवे'. पक्षात हसू झालं. साहेबांना तो बॅनर इतका आवडला की उतरवल्यावर त्यांनी घरी नेला. पावसाळ्यात वहिनींनी तो सरपणावर घातला.

वहिनी म्हणजे साहेबांची बायको. ऑफिसात फारशा यायच्या नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, साहेब घरी कसे असतात. त्या कोळंबी सोलत होत्या. म्हणाल्या, "आसंच. मीठ कमी झाला म्हनत नाय. इचारतो, किती चिमट्या टाकला. मी सांगतच नाय."

शेवटची निवडणूक ते हरले, त्याला आता काही वर्षं झाली. सत्तरी ओलांडलीय, गावातल्या घराच्या ओटीवर बसलेले असतात. अजूनही लोक येतात, मीही सणावाराला जाते. आमच्या सोसायटीत त्यांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, माणूस नक्की कसा होता, भोळा की पोचलेला. त्यांचं मंत्रिपद गेलं तेव्हाची गोष्ट पेपरात आली होती, त्यामुळे लोकांना कुतूहल असतं. पेपरात आली ती पूर्ण नव्हती. त्यातला एक भाग माझा आहे.

राज्यमंत्रिपद त्यांना समीकरणातून मिळालं. किनाऱ्यावरच्या समाजाचा कुणीतरी हवा होता. खात्याचं नाव लिहीत नाही. टँकरनं पाणी देण्याचं काम त्या खात्याकडे येत होतं, एवढं पुरे. वरच्या मंत्र्यांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. महत्त्वाची फाइल यांच्याकडे यायचीच नाही. पीए आणि मी त्यांच्याबरोबर मंत्रालयात गेलो. जुईनगरला दिवसाला पंधरा-वीस पत्रं यायची, ती सगळी साहेब स्वतः वाचायचे. मंत्रालयात पोत्यानं यायला लागली. ते म्हणाले, "बाय, आता तू वाच. मना दाखवायची ती दाखव." मी दोन गठ्ठे करायचे. एक साहेबांसाठी, एक विभागाकडे पाठवायचा.

आम्ही जाऊन चारेक महिने झाले असतील. अधिवेशन चालू होतं. मराठवाड्यातल्या एका आमदारांनी प्रश्न टाकला होता, की एका गावात टँकरच्या दूषित पाण्यानं लोक आजारी पडले आणि एका महिलेचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय. प्रश्न किरकोळ म्हणून उत्तर द्यायला राज्यमंत्र्यांना पुढे केलं होतं. आदल्या दुपारी खात्याचे अधिकारी छापील उत्तर घेऊन आले. 'हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही.'

साहेबांनी त्यांना सगळं सांगायला सांगितलं. डोळे मिटले. मग पुन्हा सांगायला सांगितलं.

"पाणी तपासला?"

"नमुना पाठवलाय, साहेब. अहवाल यायचाय."

"मंग 'खरे नाही' कसा लिवला?"

"अहवाल नसताना खरं आहे असं म्हणता येत नाही ना, साहेब."

"खोटा हाय असा म्हनता येतो?"

अधिकारी थोडे हसले. "तशी पद्धत आहे. बाईंना आधीपासून आजार होता, असंही कळतंय."

"कोनता?"

"ते कळलेलं नाही."

साहेबांनी त्यांना बसवून ठेवलं आणि पीएंकडून त्या गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांचा नंबर मिळवला. अर्धा तास फोनवर होते. बाई गेल्या होत्या. तिशी-पस्तिशीच्या, धडधाकट, तीन दिवस जुलाब-उलट्या झाल्या आणि संपल्या. साहेबांनी त्यांचं नाव वहीत लिहून घेतलं. मग बाहेर माझ्या टेबलाशी आले. "बाय, ह्या गावातून आपल्याला कदी पत्र आला व्हता?"

मला त्याच क्षणी आठवलं. गावाचं नाव माझ्या माहेरच्या तालुक्यातलं होतं, म्हणूनच आठवलं. दीड महिन्यापूर्वीचं पत्र. वहीच्या कागदावर, निळ्या पेनानं, एकेक अक्षर सुटं काढलेलं. टँकरच्या पाण्याला वास येतो, पोरं आजारी पडतात, साहेबांनी लक्ष घालावं. मी ते विभागाच्या गठ्ठ्यात टाकलं होतं. विभागानं ते जसंच्या तसं परत पाठवलं होतं, आणि ते कपाटात पडून होतं. मी काढून दिलं. साहेबांनी उभ्यानंच वाचलं. खालचं नाव वाचलं. मग वहीतलं नाव बघितलं. मीही बघितलं. दोन्ही एकच होती.

"तू वाचलंस का?" त्यांनी विचारलं. नेहमीची बोली नव्हती.

"वाचलं, साहेब."

"मग काय वाटलं?"

खोटं बोलण्यासारखं काही राहिलंच नव्हतं. मी म्हणाले, "उन्हाळ्यात आमच्याकडे पाण्याला वास येतोच. आम्ही लहानपणी फडक्यानं गाळून तेच प्यायलो. मला ते विशेष वाटलं नाही."

त्यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि आत गेले. मी घरी जाऊन जेवले नाही. नवऱ्याला सांगितलं, उद्या बहुतेक माझी नोकरी जाईल. त्यानं विचारलं काय झालं, तर मी उठून भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तराच्या तासाला आम्ही सगळे दालनातल्या टीव्हीसमोर होतो. साहेब उठले. चष्मा लावला, छापील कागद वाचला. मग म्हणाले, "अध्यक्ष महोदय, या कागदावर 'हे खरे नाही' असं छापलं आहे. ते मी काल तपासलं. एक महिला गेली आहे. पाण्याचा अहवाल आलेला नाही. म्हणजे काय खरं नाही, हे आम्हालाही माहीत नाही." कुणीतरी मोठ्यानं हसलं. साहेब थांबले. हसू संपल्यावर म्हणाले, "या गावातून दीड महिन्यापूर्वी माझ्या नावानं पत्र आलं होतं. त्यात हेच लिहिलं होतं. त्याच्यावर काही झालं नाही. ती माझी चूक आहे." आणि बसले.

मग जो गदारोळ झाला तो सगळ्या चॅनलवर दिसला. विरोधकांनी राजीनामा मागितला. आपल्याच बाकांवरचे लोक साहेबांकडे बघेनात. वरच्या मंत्र्यांनी त्यांना बोलावून घेतलं. आत काय झालं ते पीएंनाही कळलं नाही. काही आठवड्यांनी फेरबदल झाला आणि त्यात साहेबांचं नाव नव्हतं. पक्षातले म्हणाले, यांनी मुद्दाम केलं, वरच्याला अडचणीत आणायला. विरोधक म्हणाले, नाटक. साहेब आणि वरचे मंत्री एकमेकांना पाण्यात बघायचे हे मीही बघत होते, त्यामुळे ते अगदीच खोटं असं मी म्हणणार नाही. माणसाच्या मनात एका वेळी एकच कारण असतं असं कुठे आहे. पण मी आदल्या दिवशी त्यांचा चेहरा बघितला होता, दोन नावं शेजारी शेजारी धरलेली असताना.

माझी नोकरी गेली नाही. त्यांनी तो विषयच काढला नाही. आम्ही जुईनगरच्या गाळ्यात परत आलो, त्या तीन खेपा परत आल्या, "लिव, बाय" परत सुरू झालं. त्यांनी एकदा रागावून घेतलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

दिवाळीनंतर एका सकाळी ते म्हणाले, "त्या गावाला जावाचा हाय. येतेस?"

गाडीत आम्ही दोघं आणि ड्रायव्हर. पीएंनी यायला साफ नकार दिला होता. त्यांच्या मते तिथे जाऊन जखम उकरायची काही गरज नव्हती. संध्याकाळी पोचलो तेव्हा त्या बाईंचा नवरा घरासमोर कडबा रचत होता. हडकुळा माणूस, गळ्यात उपरणं. साहेबांनी नाव सांगितलं. त्यानं ओळखलं.

"तुमी आता मंत्री नाहीत म्हणं," तो म्हणाला.

"नाही."

"मग काय काम काढलं?"

साहेबांनी खिशातून ते पत्र काढून त्याच्या हातात दिलं. म्हणाले, "हे तुमच्याकडे असायला पाहिजे."

त्यानं उपरण्याला हात पुसले आणि कागद उजेडाकडे धरला. त्याला सावकाश वाचता येत होतं. वाचत वाचत खाली गेला आणि तिथेच थांबला. "हे तिनं लिव्हलं?" त्यानं विचारलं. "मला बोलली नाही कधी."

मला सांगितल्याशिवाय राहवलं नाही. साहेबांनी मला त्यासाठी आणलं होतं की नाही, ते मला अजून माहीत नाही. मी म्हणाले, "हे पत्र माझ्याकडे आलं होतं, भाऊ. मी वाचलं आणि बाजूला ठेवलं. साहेबांना दाखवलं नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. राग दिसला नाही. काहीच दिसलं नाही. मग म्हणाला, "कुठल्या तुमी?" मी माहेरचं गाव सांगितलं. "म्हंजे जवळच्याच की," तो म्हणाला आणि पत्र घेऊन आत गेला. आत डबा उघडल्याचा आणि झाकल्याचा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. साहेबांनी दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायले. मग माझ्याकडे दिला. मीही प्यायले.

मग तो ओट्यावर बसला आणि आपणहून बोलायला लागला. ती सातवी शिकलेली. गावात कुणाला अर्ज लिहायचा असला की तिच्याकडे यायचे. लिहिताना जीभ ओठावर यायची तिची, पोरं चिडवायची. तो अंधार पडेपर्यंत बोलत होता. साहेब खाली मांडी घालून बसले होते आणि त्यांनी त्याला एकदाही मधे थांबवलं नाही.

परत निघालो. गाव मागे पडल्यावर मी विचारलं, "साहेब, सभागृहात तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत? चूक माझी होती."

त्यांनी काचेतून बाहेर बघत विचार केला. उत्तर द्यायची त्यांना सवय कमीच.

"त्या बाईनी पत्र कोनाला लिवला व्हता?" ते म्हणाले. "मना. तुला नाय."